सोमवारचा मिक्सर

आमच्या घरमालकांनी आयुष्यात तीन प्रकारचे साबण चाखले होते. कपड्याचा कडू, अंगाचा त्याहून कडू, आणि तिसरा नवा आलेला, गुलाबाच्या वासाचा, तो "वासाला सज्जन, चवीला गद्दार". हे ते गिऱ्हाइकाला तोंड वाकडं न करता सांगायचे, गव्हाची जात सांगावी तसं. नेकनूरला त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानाचा नियम एकच होता. "जे माझ्या जिभेवर आलं न्हाई, ते माझ्या तराजूत येणार न्हाई."

खायच्या जिनसांपुरता हा नियम असता तर कुणी काही म्हटलं नसतं. अप्पांनी तो सगळ्याला लावला. सगळे त्यांना अप्पा म्हणत, म्हणून मीही तेच लिहिते. बॅटरीचा सेल ते जिभेला लावून बघत आणि झिणझिण्या आल्या तरच ठेवून घेत. शाम्पूच्या पुड्या आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस राहिले नव्हते, म्हणून त्यांनी शाम्पू मिशांना लावला आणि आठवडाभर मिशांवरून हात फिरवत गल्ल्यावर बसले. एकदा एका शेतकऱ्याने विचारलं, "अप्पा, उंदराच्या औषधाचं कसं करता हो?"

"त्ये ठेवीतच न्हाई," अप्पा म्हणाले.

खरंच ठेवत नव्हते. त्यांची गिऱ्हाइकं उंदराचं औषध आणायला बीडला जायची.

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत बावीस वर्षं भाड्याने राहिले. नवरा गेला होता. एक म्हैस आणि एक शिलाई मशीन, त्यावर माझं चालायचं. म्हैस त्यांच्याच परसात बांधलेली. ती दुपारी ओरडली की अप्पा दुकानातून ओरडायचे, "बाई, तुमची म्हैस बोलवायली." मी म्हणायचे, "तुमाला बोलवत असंल, बघा जाऊन." आमचं बोलणं एवढंच आणि असंच असायचं.

माणूस बुटका, लिंगायत. धोतर पांढरं स्वच्छ, गळ्यात चांदीच्या पेटीतलं लिंग, कानावर पेन्सिल. त्यांची शाळा निजामाच्या काळातली, उर्दूतली. त्यामुळे दुकानाच्या चिठ्ठ्या ते उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि पोटच्या मुलालाही त्या वाचता येत नसत. मुलगा शांत होता. इतका शांत, की तो दुकानात आहे का घरात हे विचारावं लागे. अप्पांची बायको लवकर गेली होती.

त्या उर्दू शाळेतूनच त्यांनी निकाल द्यायची सवय उचलली असावी. घरात, गल्लीत काही नवीन आलं की अप्पा निकाल द्यायचे. मंजूर, नामंजूर, मुलतवी. त्या वर्षांत तर रोज काहीतरी नवीन येत होतं. ज्या दुकानात गूळ, तेल आणि काडेपेटी यांपलीकडे काही नव्हतं तिथे दोऱ्यावर पुड्याच पुड्या लटकायला लागल्या. टीव्ही मंजूर झाला. फ्रीज नामंजूर झाला, कारण "त्ये शिळ्याला ताजं म्हणायला शिकवतंय". एसटीडीचा बूथ समोरच निघाला, तो पाहायला अप्पा स्वतः गेले, रिसीव्हर कानाला लावला, जिभेला लावायचा मात्र राहिला. मंजूर.

मिक्सर मुलतवी राहिला. सगळं घडलं ते त्यावरून.

त्याआधी सोमवारचं सांगायला हवं. त्यांच्या लोकांत सोमवार महादेवाचा. बऱ्याच घरी त्या दिवशीचं दूध पिंडीवर घालतात आणि रवी फिरवत नाहीत. पण ह्या घरात ती नुसती रीत नव्हती, नवस होता. अप्पांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. अप्पा जन्मले तेव्हा त्यांच्या आईने धर्मापुरीच्या जुन्या देवळात जाऊन सांगितलं, हे पोर जगेल तोवर माझ्या घरात सोमवारी घुसळण होणार नाही. मी राहायला आले तेव्हा म्हातारी जिवंत होती. पहिल्याच सोमवारी मी ताकासाठी डेऱ्यात रवी उभी केली, तर तिने येऊन माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात तेवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. तिने मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "तू भाड्यानं राहा का फुकट राहा, छप्पर माझं हाय."

तेव्हापासून मी ताक रविवारी करायचे. मला त्याचा राग होता. माझा नवस नाही, माझा देव नाही, म्हैस माझी, दूध माझं. एकदा मी अप्पांना तोंडावर म्हणाले, "तुमी गेलात की पहिल्या सोमवारी मी ताक करणार हाय."

"करा की," अप्पा म्हणाले. "तवर कळ काढा."

सून लातूरची. बापाचं कापडाचं दुकान, मुलगी कॉलेजात दोन वर्षं गेलेली. आंदणात मिक्सर आला. नेकनूरच्या त्या गल्लीतला पहिला असावा. अप्पांनी खोका उघडला, मशीन बाहेर काढलं, भांड्यातलं पातं बोटाने फिरवून पाहिलं, परत खोक्यात घातलं आणि खोका दुकानाच्या माळ्यावर, वरच्या फळीवर ठेवला. "मुलतवी."

सून पाट्यावर वाटत राहिली. चटणी, मसाला, पुरण. ती काही बोलली नाही, पण वरवंट्याचा आवाज बोलायचा. मी भिंतीपलीकडून ऐकायचे.

मी एकदा अप्पांना विचारलं, "कावून अडवताय? पोरीचं आंदण हाय."

ते म्हणाले, "बाई, रवीला हात लागतो. हाताला सोमवार कळतो. ह्या मशीनला बटन हाय. एकदा सवय लागली की कुणी सोमवारी बी दाबंल."

"मंग सुनेला सांगा तसं. नवसाचं सांगा."

"काय सांगू? सासरा मरायला भेतोय म्हून पाट्यावर वाट?"

तेव्हा मला कळलं की हा माणूस खरोखरच मानतो. त्याला वाटतं की सोमवारी त्या घरात घुसळलं तर तो मरेल. त्याची लाजही वाटते. त्यापेक्षा लोकांनी चिक्कू म्हटलेलं त्याला परवडत होतं. सुनेने त्यांना चिक्कूच समजलं.

ती काही फार सोशीक नव्हती आणि मला त्यात काही वाईट दिसत नाही. तिने तोंडाला लावायला स्नो आणला. डबी ओसरीत राहिली. अप्पांनी येता-जाता बोट घातलं, चाखलं आणि मुलाला म्हणाले, "ह्ये आपल्याकडं ठेवायचं न्हाई. मेणाला साखर लावल्यावानी लागतंय." सून दारात उभी होती. ती आधी हसली. मग आत गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

नंतर ती बिस्किटं आली. काळी, दोन चकत्या आणि मधे पांढरं क्रीम. बीडहून माल एसटीच्या टपावरून यायचा, खाली टाकताना निम्मा फुटायचा. त्या खोक्यातली निम्मी बिस्किटं फुटलेलीच होती. गावाने ती बघून सांगितलं, करपलेली आहेत. अप्पांनी चार खाल्ली, पाचवं उघडून क्रीम वेगळं चाटलं. "मंजूर," म्हणाले, "पर लोकायला कळायला येळ लागंल." फुटका माल ते कधी विकत नसत. कमी भावातही नाही. मुलाला म्हणाले, हा खोका घरी ने, चहात बुडवून खा.

सून तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी होती. खोका बघून तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "अप्पा, आमच्या कॉलेजसमोर ह्याचं मिल्कशेक मिळायचं. थंड दुधात ही बिस्किटं घालून मिक्सरमधून काढतेत. घरी जमंल. मिक्सर काढून द्या ना."

पोटुशी बाई काही मागते तेव्हा आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. अप्पांनी हातातलं बिस्कीट परत खोक्यात ठेवलं. मग म्हणाले, "बिस्कीट चहात बुडवायचं असतंय. वाटून कोण खातंय?"

"मी खाते."

"नामंजूर."

तो दिवस मंगळवार होता. त्या दिवशी काढून दिला असता तर कुणाचं काही गेलं नसतं. पण माणूस एकदा घाबरला की त्याला सगळे वार सोमवारच दिसतात.

सातव्या महिन्यात सून बाळंतपणाला लातूरला गेली. मुलगी झाली. तीन महिने झाले, पाच झाले, आठ झाले. अप्पांचा मुलगा दोनदा गेला आणि दोनदा एकटा परत आला. दोन्ही वेळा त्याला सासरचे काय म्हणाले असं विचारलं, तर "चहा दिला" म्हणाला. मग एक दिवस समोरचा बूथवाला निरोप घेऊन आला. लातूरहून फोन होता. व्याह्यांनी सांगितलं होतं, मिक्सर आणि मुलीचे कपडे परत द्या. येत्या रविवारी आम्ही येऊन नेतो.

आमच्याकडे आंदण परत मागितलं की पुढे बोलायला काही राहत नाही.

अप्पांनी ते ऐकलं. गिऱ्हाइकाची तूरडाळ मोजून दिली. दुपारी दुकान मुलावर सोडून ते माझ्या खोलीत आले, हातात मिक्सरचा खोका, बगलेत बिस्किटांचे पुडे. बावीस वर्षांत त्यांनी माझा उंबरा ओलांडला तो त्या आठवड्यातच.

"बाई, त्यात आधी काय घालतेत?"

"मला काय ठाऊक? मी चौथी शिकले."

"मी बी चौथीच. दोघांची मिळून आठवी हुती. दूध काढा."

मी नुकतंच तापवलेलं दूध दिलं. थंड हवं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बटण दाबल्याबरोबर झाकण उडालं आणि गरम दूध आढ्याला लागलं. त्याचे डाग मी खोली सोडेपर्यंत तिथेच होते. अप्पांच्या मिशांतून दूध ठिबकत होतं. त्यांनी ते चाटलं आणि म्हणाले, "साखर जास्ती हाय."

दुसऱ्या दिवशी दूध सकाळी तापवून माठाजवळ गार केलेलं. सगळं एकदम घातलं आणि अप्पांनी झाकणावर दोन्ही तळवे दाबून मशीन इतका वेळ चालवलं की मला वाटलं आता ते जळणार. निघालं ते बिंदुसरेच्या पुराच्या पाण्यासारखं, तपकिरी आणि एकजीव. "ह्ये तर औषध झालं," मी म्हणाले. म्हशीला दिलं. तिने प्यायलं.

तिसऱ्या दिवशी ते दुकानाचा लहान तराजू घेऊन आले. प्रत्येक बिस्कीट उघडलं, सुरीने क्रीम खरवडून वाटीत काढलं. दूध, त्यावर दाट साय, मग ते क्रीम, आणि हे तिन्ही आधी फिरवून घेतलं. पांढरंशुभ्र फेसाळलं. रसपानवाल्याकडून बर्फाचा तुकडा भुशात गुंडाळून आणला होता, तो मी फडक्यात बांधून वरवंट्याने फोडला आणि आत टाकला. बिस्किटं शेवटी, हाताने मोडून. बटण दोनदा दाबलं आणि लगेच सोडलं. वरून अर्धं बिस्कीट चुरून भुरभुरलं.

अप्पांनी पेला तोंडाला लावला. डोळे मिटले. मी वाट बघत होते.

"मंजूर," ते म्हणाले. मग कानावरची पेन्सिल काढून पुड्याच्या कागदावर उजवीकडून डावीकडे सगळं लिहून घेतलं, वजनांसकट.

मलाही प्यायला दिलं. चांगलं होतं. मला चहा बरा वाटतो.

शनिवारी बूथवाला परत आला. व्याह्यांचं दुकान सोमवारी बंद असतं, त्यामुळे रविवारी नव्हे, सोमवारी सकाळच्या गाडीने येणार.

अप्पा मागे येऊन म्हशीच्या गव्हाणीवर बसले. मी शेण काढत होते. बराच वेळ ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मीच बोलले.

"रविवारी करून ठेवा."

"रातभर बिस्कीट दुधात राहिलं की लापशी हुती. आन् दूध नासतंय. फ्रीज न्हाई."

"फ्रीज कुणी नामंजूर केला?"

अप्पांनी गव्हाणीतली एक काडी उचलून मोडली.

"मंग मी करते. माझ्या खोलीत. माझ्या हातानं."

"छप्पर माझं हाय, बाई. नवसाला भाडेकरू कळत न्हाई."

"मंग चहा द्या आन् मिक्सर देऊन टाका."

त्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात खोटं नाणं आलं की ते जसं बघायचे तसं. म्हणाले, "पोरीनं एकदा मागितलं हुतं. माझ्या घरात पोटुशी असताना मागितलं." आणि उठून गेले.

सोमवारी ते रोजच्यापेक्षा लवकर उठले. अंघोळ, लिंगपूजा, तीही रोजच्यापेक्षा लांबलेली. नवं धोतर नेसले. माझ्या दारात आले आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्यासमोर धरल्या.

"ह्या पोराला द्या. नंतर."

"नंतर म्हंजे कवा?"

"तुमाला कळंल. आन् एक सांगून ठेवतो. आमच्यात बसवून पुरतेत. पाठ ताठ ठेवा म्हणावं. वाकून बसवलं तर लोक म्हनतेल, म्हातारा भेलता."

मी म्हणाले, "अप्पा, असं काही होत नसतंय."

"तुमच्यात होत नसंल," ते म्हणाले.

साडेनऊच्या गाडीने व्याही आले. मागे सून, कडेवर मुलगी. सून अंगाने भरली होती, चेहरा कोरा. व्याह्यांनी पाणी घेतलं, चहाला नको म्हणाले. दहाला आमच्याकडे लाईट जायची. मी दाराशी उभी होते, मला कुणी बोलावलं नव्हतं.

"अप्पा, बोलणं वाढवायला नको," व्याही म्हणाले. "मिक्सर आणि कपडे द्या, दुपारच्या गाडीनं आमी निघतो."

"द्यायचाच हाय," अप्पा म्हणाले. "पर पावणं, माझ्या दुकानात माल चालवून दाखवल्याबिगर कुणाच्या हातात देत न्हाईत. ह्ये मशीन दोन वर्सं खोक्यात पडलंय. चालतंय का बघून न्या."

"चालतंय हो. नवंच हाय."

"नवा तर मी बी हुतो."

ओसरीत पाट मांडलेला होता, त्यावर मिक्सर. दूध, साय, क्रीमची वाटी, मोडलेली बिस्किटं, फडक्यात बर्फ, सगळं ओळीने. सुनेने ते पाहिलं आणि मुलीला कडेवर नीट घेतलं. अप्पांनी एकेक जिन्नस भांड्यात घातला, झाकण लावलं आणि बटणावर बोट ठेवलं. त्यांचं बोट बटणावर होतं आणि ते नुसते उभे होते. मी मोजलं नाही, पण म्हैस एकदा ओरडून गप्प झाली एवढा वेळ गेला.

मग त्यांनी बटण दाबलं.

आवाजाने मुलगी रडायला लागली. अप्पांनी डोळे मिटले होते. घाबरल्यामुळे त्यांनी मशीन सोडलंच नाही, फिरू दिलं, फिरू दिलं. मुलगा आतून धावत आला आणि सोमवार आठवून जागीच थांबला. शेवटी अप्पांनी बोट काढलं, एक डोळा उघडला, मग दुसरा. छातीवर हात ठेवून पाहिला. पेल्यात ओतलं. व्याही समोर बसलेले असताना सासऱ्याने पहिला पेला स्वतःच्या हाताने सुनेला नेऊन दिला. मी तसं त्या गल्लीत आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

सुनेने घोट घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"लई बारीक झालंय," ती म्हणाली. "तुकडे राहायला पायजेत."

मला वाटलं आता म्हातारा संतापणार. अप्पा म्हणाले, "पुन्हा करतो."

"राहू द्या की," व्याही म्हणाले.

"एकदा बटन दाबलं काय आन् दोनदा दाबलं काय," अप्पा म्हणाले. त्याचा अर्थ मला आणि त्यांच्या मुलालाच कळला.

दुसऱ्यांदा सगळं घातलं. बटण दाबलं. मशीन फिरलं, गुरगुरलं आणि बंद पडलं. लाईट गेली होती. त्या दिवशी पाच मिनिटं आधीच गेली. अप्पांनी वर बघितलं, पंख्याकडे नव्हे, आढ्याकडे.

सुनेने मुलीला नवऱ्याच्या हातात दिलं. नवऱ्याने ती अशी धरली, जशी गरम पातेली धरतात. सून पाटाजवळ बसली, झाकण काढून आत पाहिलं. तुकडे अर्धे मोडलेले, अर्धे राहिलेले होते. तिने पेल्यात ओतून घेतलं, प्याली, आणि पेला रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"आता बरोबर झालं," ती म्हणाली. मग भांडं उचलून मोरीवर नेलं, धुतलं आणि उन्हात पालथं घातलं.

व्याही उठले. "बांध आता."

"भांडं वलं हाय, बाबा."

"पुसून घे."

"पुसून आतलं वाळत न्हाई. वलं खोक्यात घातलं तर वास येतंय."

बापाने तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही, ती पाट उचलत होती. उन्हाळ्याचे दिवस होते, भांडं पंधरा मिनिटांत खणखणीत वाळलं. व्याही दुपारच्या गाडीपर्यंत तिथेच बसून होते आणि भांडं वाळलंय हे कुणीही बोलून दाखवलं नाही. दुपारच्या गाडीने ते एकटे गेले. मिक्सर राहिला.

अप्पा मात्र मघाशीच आत जाऊन खाटेवर निजले होते. हात छातीवर जोडलेले, पाय ताठ. मी खिडकीतून पाहिलं. मी म्हणाले, "अप्पा, उठा." ते म्हणाले, "बाई, मधी बोलू नका." म्हणून मी गेले, मला म्हशीचं करायचं होतं. दिवस मावळायला ते उठले. भूक लागली होती. दोन भाकरी खाल्ल्या आणि माझ्याकडे येऊन किल्ल्या मागितल्या.

"कसं काय?" मी विचारलं.

"लाईट गेली. घुसळण पुरी झाली न्हाई. अर्धी धरीत नसतेत."

"पहिली तर पुरी झालती."

त्यांनी विचार केला. "ती माल दाखवायपुरती हुती," म्हणाले आणि गेले.

मिक्सर मंजूर झाला, सोमवार सोडून. सून राहिली. त्यांचं पुढे गोडीगुलाबीने चाललं असं मी म्हणणार नाही. ती बोलायची, ते निकाल द्यायचे, ती ते उलटवायची. फ्रीज तिने आणला. अप्पांनी पहिल्या दिवशी त्यातला बर्फ चाखला आणि "पाणीच हाय" म्हणाले. काळी बिस्किटं गावाला कळली आणि खपायलाही लागली. पुडा देताना अप्पा प्रत्येकाला सांगायचे, "क्रीम आधी, बिस्कीट मागून, आन् मशीन लई येळ फिरवू नगा." ज्यांच्या घरी मिक्सर नव्हता त्यांनाही सांगायचे.

ते पुढे नऊ वर्षं जगले. गुरुवारी गेले, दुकानात, जिभेवर नवीन आलेल्या मसाल्याची चिमूट असताना. निकाल द्यायचा राहिला. पाठ ताठ ठेवा असं मी सांगितलं, पण सांगायची गरज नव्हती, ती आपणच ताठ होती. त्यांच्या कागदांत तो पुड्याचा कागद सापडला. उर्दू कुणाला येत नव्हतं. सुनेने तो नीट घडी घालून ठेवला.

पहिला सोमवार आला. माझा डेरा तयार होता. दही आदल्या दिवशी लावलेलं, रवी धुऊन ठेवलेली. मी उठले, तर भिंतीपलीकडून वरवंट्याचा आवाज येत होता. किती वर्षं तो ऐकला नव्हता.

मी गेले. सून पाट्यावर चटणी वाटत होती.

"मिक्सर बिघडला का?"

"न्हाई. आज सोमवार हाय."

"ती घुसळायची गोष्ट हाय, वाटायची न्हाई. आन् नवस त्यांच्या जिवापुरता होता. आता सुटला." मग मला आठवलं की तिला काही ठाऊक नाही.

तिने वाटणं थांबवलं नाही. "ठाऊक हाय, काकू," ती म्हणाली. "त्या सोमवारी दिवस मावळायला उठले आन् खाटेवर बसूनच मला इचारले, पोरी, मी हाय का? मी म्हणले, हाय की. तवा ह्यायला खोदून खोदून इचारलं. ह्यायनं सांगितलं."

ती वाटत होती, तिने चटणी गोळा केली, परत पसरली.

मी घरी आले. त्या सोमवारी मी ताक केलं नाही. कंटाळा आला होता.